तिसरा शब्द

गुनवोर : कंदील, लोणी, खिडकी. लक्षात ठेवा सिक्स्टेन, निघताना विचारीन.

सिक्स्टेन : चाळीस वर्षं मास्तरकी केली मी या रामसेले गावात. तीन शब्द काय घेऊन बसलात? आल्वार, आधी साखरेचा खडा दातात धर. मग कॉफी. सावकाश, बशीतून.

आल्वार : तूपण बशीतूनच पितोस.

सिक्स्टेन : हे घ्या लिहून, जुळ्यांची नोंद ठेवणाऱ्या तुमच्या कचेरीसाठी. ही सवय रक्तातली नाही, आईनं लावलेली आहे.

गुनवोर : रक्ताचंच सांगायला आलेय. तुम्हा दोघांच्या थुंकीची तपासणी झाली. तुम्ही एकाच बीजाचे जुळे आहात.

सिक्स्टेन : चूक आहे ते. सुईणीनं आमच्या जन्मानंतर पडलेल्या दोन वारा मोजल्या होत्या. दोन वारा म्हणजे दोन बीजं. पन्नास वर्षं तुमच्या प्रत्येक फॉर्मवर मी तेच लिहीत आलोय.

गुनवोर : तेव्हा सगळ्या सुईणी तसंच सांगायच्या. पण एका बीजाच्या जुळ्यांनाही कधी कधी दोन वारा असतात.

सिक्स्टेन : अहो, वडिलांनी त्यावरच सगळं ठरवलं. पोरं वेगळी, डोकी वेगळी. माझे मार्क जास्त, म्हणून मला शहरातली शाळा. याला जंगल, लाकडं आणि ब्लेंडा घोडी.

आल्वार : ब्लेंडाला पाणी दाखवलं का कुणी?

सिक्स्टेन : दाखवलं रे. मघाशीच.

गुनवोर : घोडी आहे तुमच्याकडे?

सिक्स्टेन : साठ वर्षं झाली तिला जाऊन. आणि मार्क तरी माझे कुठले? हा मागच्या बाकावरून कुजबुजायचा, मी लिहायचो. स्वतःची पाटी कोरी ठेवायचा. याला शिकायचंच नाही, असं मी समजत आलो. कधी विचारलं नाही.

गुनवोर : लहान होतात तुम्ही.

सिक्स्टेन : याचं हे विसरणं... मलाही होणार?

गुनवोर : होईलच असं नाही. धोका आहे. पण शिक्षण, खाणं, राहणी, यांनीही फरक पडतो.

सिक्स्टेन : म्हणजे वाचलो, तर याच्या वाट्याची शाळा खाऊन वाचणार.

गुनवोर : तेही सांगता येत नाही.

सिक्स्टेन : मग सांगता काय येतं तुम्हाला? उद्या मी विसरायला लागलो, तर याच्या बुटाचे बंद कोण बांधणार? दुसरं कुणी हात लावलेलं याला चालत नाही.

गुनवोर : मला ठाऊक नाही, सिक्स्टेन. खरंच नाही. ...ते तीन शब्द विचारायचे राहिलेत.

सिक्स्टेन : कंदील. लोणी. आणि... थांबा, सांगू नका. आत्ता होता.

आल्वार : (हळूच कुजबुजत) घोडी.

सिक्स्टेन : घोडी.

गुनवोर : घोडी नव्हती.

सिक्स्टेन : तरी लिहा. या खेपेला त्याच्या नावावर लिहा.