मेटलच्या शोमध्ये आबांची मोटर

अरे, आपल्या जळगावात लग्नाच्या लॉनवर हेवी मेटल बँडचा शो झाला ना, त्यात माझा पुतण्या गिटार वाजवणार होता. म्हणून माझे वडील, आबा, हट्टानं आले. असोद्याची केळीची, त्यांच्या बोलीत केयीची, बाग रस्त्यात गेल्यापासून ते माझ्याकडे फ्लॅटवर राहतात, गॅलरीत बसून असतात.

पहिल्या बँडनं नुसता धिंगाणा घातला. आबांनी कानांत बोटं घातली. मग पुतण्याचा बँड आला. त्यांचं ना गाणं ना ठेका, सगळ्या गिटारींचा मिळून एकच खालचा सूर, घूंऽऽ करत चाललेला. मला वाटलं, आता आबा घरी चल म्हणणार.

आबा ताडकन उठले. "लाइट आली रे! मोटर चालू झाली. चाल, पानी भराले!"

पोरं वळून बघायला लागली. मी आबांना हात धरून बसवलं. "आबा, वाजवतायत ते."

त्यांनी चपला काढल्या, पाय ओल्या गवतावर ठेवले आणि डोळे मिटले.

सूर थांबला. टाळ्या, शिट्ट्या. आबा तेवढे माझ्याकडे वळले.

"बंद कायले केली रे? शेवटच्या केयीपर्यंत पानी नही पोचलं आजून."