सुशीच्या जागी मी नळावर

चाळीतल्या पोरांना चित्रकला कशाला हवी, असं विचारणारे आपल्या पोरांची चित्रं मात्र पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. त्या रागातच मी इस्लामपुरात कामगारांच्या चाळीत रविवारचा चित्रांचा वर्ग काढला. सगळ्यात चांगला हात सुशीचा, पण तीच येईना. तिची आई म्हणाली, "ती चित्रं काढत बसली तर पाण्याला कोण जाणार, मास्तर?"

"मी जातो," मी म्हणालो. बी.ए. झालेल्या माणसाला रांगेत उभं राहणं काय अवघड?

सुशी रंगवत बसली आणि मी तिचा हंडा घेऊन नळावर गेलो. एकीचं बाळ रडत होतं, तिला पुढं जाऊ दिलं. एकीला कामावर जायचं होतं, तिलाही. एक म्हातारी नुसतंच "आवं मास्तर" म्हणाली, तिलाही. माझा नंबर आला आणि पाणी गेलं.

रिकामा हंडा बघून सुशीची आई म्हणाली, "झाला तुमचा वर्ग. फुडल्या ऐतवारी सुशीच नळावर जाईल."

भरलेली घागर कमरेवर घेऊन ती म्हातारी मागूनच येत होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गं, मास्तरच येऊ देत. तुझी सुशी आमाला पुढं सरकू देत न्हाई."