कुणाचा आवाज

ताजिकिस्तानातल्या खुजंद शहरात, मनोरुग्णालयात मवजुदा आपल्या भावाच्या औषधांसाठी नंबर लावून बसली होती. मागच्या बाकावर एक बाई शेजारच्या म्हाताऱ्या इमामांशी, त्यांना बोबो म्हणजे आजोबा म्हणत, बोलत होती.

"बोबो, माझा दिलोवर म्हणतो, अल्ला माझ्याशी बोलतो."

"तोबा कर, पोरी. पैगंबरांनंतर ते दार बंद झालं."

"बंद झालं, तर मग बोलतंय कोण? पैगंबरही पहिल्यांदा थरथरत घरी आले होते ना? पांघरूण मागितलं होतं. माझाही पोरगा तसाच आला."

"आवाज म्हणतो काय?"

"आधी म्हणाला, चुलत्याला माफ कर. सात वर्षांचं वैर, पण यानं जाऊन पाय धरले. तेव्हा सगळा गाव म्हणाला, अल्लाची कृपा!"

"आणि मग?"

"मग म्हणाला, धाकट्या बहिणीला टेकडीवर ने."

"या अल्ला! हातात सुरी होती?"

"माझीच, कांदे चिरायची. इब्राहिमांच्या मुलाच्या जागी मेंढा आला होता, बोबो. इथं मेंढा आला नाही. मीच धावत पोचले."

"पोरगी?"

"जिवंत आहे, पण बोलत नाही."

"आत जा आणि डॉक्टरांना सगळं सांग."

"मग ते त्याला कोंडतील. तो आवाज खरंच अल्लाचा असला तर?"

"तर ते पाप माझ्या माथी. जा."

आतून दिलोवरचं नाव पुकारलं. बाई उठली आणि दाराशी थांबली.

"बोबो, तुम्हाला कधी आला आवाज?"

"साठ वर्षं अजान दिली, पोरी. एकदाही नाही."

"सुटलात," ती म्हणाली आणि आत गेली.