दारापासून दारापर्यंत

(डोळ्यांचं इस्पितळ. खोलीबाहेरचा बाक, दार अर्धवट लोटलेलं. आत आई, एका डोळ्यावर पट्टी.)

ताई : आधी बॅग खाली ठेव, आणि आवाज चढवू नकोस. आई झोपलीय.

धाकटा : मी कुठे चढवतोय? ऑपरेशन काल दुपारीच का नाही झालं, एवढंच विचारलं. डॉक्टर तयार होते ना?

ताई : डॉक्टर तयार होते, तुझी आई नव्हती. म्हणाली, पोरगा निघालाय, एक तास पन्नास मिनिटांत येतोय. त्याला डोळे भरून बघते, मग काय ते करा.

धाकटा : आणि तू ऐकलंस?

ताई : भांडले, हात जोडले, रडले. खुर्ची सोडेना बाई! संध्याकाळी डॉक्टर कंटाळून निघून गेले. आज सकाळी कशीबशी तयार झाली, तेव्हा ऑपरेशन झालं. तूच तिला फोनवर म्हणालास ना, 'निघालो'?

धाकटा : घरातून निघालो होतो गं! पुढे विमानतळ गाठायचा, तपासणी, रांगा, त्यात विमान रखडलं...

ताई : हे तिला सांगायचंस. तो एक तास पन्नासचा आकडा तिच्या डोक्यात भरवला कुणी? नोकरी लागली तेव्हा तूच ना?

धाकटा : आकडा खोटा नाहीये. साडेअकराशे किलोमीटर. हवेत तेवढाच वेळ लागतो.

ताई : हवेत! आई काय हवेत राहते? तुझं काम काय रे?

धाकटा : आता मध्येच काम कुठून आलं?

ताई : सांग ना.

धाकटा : विमानांचं वेळापत्रक लावतो. माहितीये तुला.

ताई : मागच्या खेपेला जेवताना फुशारकी मारत होतास. हवेत पावणेदोन-दोन तास लागले तरी वेळापत्रकात अडीच लिहायचे, म्हणजे उशिराचा ठपका नको. म्हणालास की नाही?

धाकटा : तशीच पद्धत असते.

ताई : वा! परक्यांसाठी वेळ वाढवून आणि आईसाठी कापून. अरे, शिवणकाम करणारी बाई ती, साध्या झबल्यालासुद्धा शिवणीत दोन बोटं जास्तीची माया सोडते. तुला तेवढंही सुचलं नाही?

धाकटा : डॉक्टर काय म्हणाले ते सांग.

ताई : त्या डोळ्याने उजेड कळेल. सुईत दोरा ओवायचं विसरा म्हणाले. काल दुपारी केलं असतं तर बरीच आशा होती.

धाकटा : म्हणजे माझ्यामुळे.

ताई : मग काय माझ्यामुळे? मी दोन गल्ल्या सोडून राहते. मला यायला किती वेळ लागतो, हे तिने कधी कुणाला कौतुकाने सांगितलं नाही. मी आपली असतेच!

आई : मी जागी आहे. आत या दोघं.

धाकटा : आई, चुकलं माझं.

आई : ते राहू दे. खरा आकडा सांग. तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत.

धाकटा : आता कशाला, आई...

आई : सांग म्हणते ना!

धाकटा : आठ तास. सगळं वेळेवर असलं तर.

आई : आठ?

ताई : आई, तू पडून राहा बघू.

आई : इतक्या लांब नसतंच जाऊ दिलं मी तुला.