मंगराची पाकिटं मी दर्यात टाकली

दर्यावर्दी भावांनो, आणि पुढे बसलेल्या बुधनीबाई,

मी बोट चालवतो, भाषणं करत नाही. पण मंगराबद्दल आज मी नाही बोललो, तर कोण बोलणार?

झारखंडचा माणूस. आठ हंगाम माझ्या बोटीवर खलाशी. देवगडात आला तेव्हा दर्या कधी पाहिला नव्हता, पुढे आपल्यासारखं मालवणी बोलायला लागला. गेल्या आठवड्यात तो गेला. एचआयव्हीने गेला. लाजेपायी दवाखान्यात फार उशिरा पोचला. चौघांनी मला सांगितलं, "दाजी, न्यूमोनिया म्हणा." ह्या बुधनीबाई, त्याची बायको, म्हणाल्या, खरं सांगा. म्हणून सांगतो.

आरोग्य केंद्राच्या सिस्टर जेटीवर निरोध वाटायच्या. मंगराने घेतले. आपला खलाशी बोटीवरच जेवतो, बोटीवरच झोपतो. त्याने आपल्या सामानाची पिशवी दुसरीकडे ठेवायची कुठे? मला ती पाकिटं केबिनमध्ये दिसली, देवाच्या फोटोखाली. माझं डोकं फिरलं. "मंगरा, बोटीर देव आसा! ह्यां काय हाडलंस?" सगळ्यांसमोर ओरडलो. पाकिटं दर्यात भिरकावली.

तो मान खाली घालून म्हणाला, "माजा चुकला, दाजी."

चुकलं कोणाचं? दारू पिऊन तो कोणाकडे जातो, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही होतं. त्यावर आपण हसायचो. पाकीट दिसलं, की मात्र आपल्याला देव आठवतो! त्या दिवसानंतर माझ्या बोटीवरच्या एकानेही सिस्टरांपुढे हात केला नाही.

मंगरा गावी निघाला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, घरीही निरोध वापर. हा म्हणाला, "बायको इचारतली, कित्याक? मगे काय सांगू?" आज बुधनीबाईही त्याच आजाराच्या गोळ्या घेतात. हेही त्यांनीच सांगायला लावलं.

बाई, मी तुमचा गुन्हेगार आहे. माफी मागायचं तोंड नाही मला.

आता दोन मिनिटं मंगरासाठी गप्प उभे राहू. मग कोणी घरी जाऊ नका. मागच्या खोलीत सिस्टर रक्त तपासायला बसल्यात. खलाशांनो, तुम्ही माझ्या मागून या. पहिला हात माझा. मंगरा दारू पिऊन जायचा, त्याच अड्ड्यावर मीही गेलोय.

उठा, भावांनो.