पूजेतली बेस गिटार

अहो, लेक कॉलेजच्या बँडमध्ये निवडली जावी म्हणून मी अकरा संकष्ट्यांचा नवस बोलले होते. मुक्ता बेस गिटार वाजवते, चार जाड तारांची, खर्जातल्या आवाजाची. खंडेनवमीला मी ती पूजेत मांडली. पुसताना तिची तिन्ही बटणं शून्यावर फिरवून ठेवली, गावाला जाताना आपण गॅस बंद करतो ना, तशी. पूजेतली वस्तू मध्येच उचलायची नाही, म्हणून दसरा होईपर्यंत मुक्ताला हातही लावू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी निवड होती. ती गिटार तशीच पाठीला लावून कर्वेनगरला गेली.

तिथे वायर जोडली, तर आवाजच नाही. तिने घाबरून स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. तेवढ्यात मैत्रिणीने गिटारचं बटण फिरवलं आणि असा दणका बसला की स्पीकरच फाटला. परीक्षक म्हणाले, "स्वतःची बटणं माहीत नसतील, तर आपण टाळ घ्यावेत."

घरी येऊन तिने विचारलं, "आई, बटणं तू फिरवलीस?"

"अगं, सुरक्षित राहावी म्हणून..."

"उपास करत होतीस ना? तेवढेच करायचे होतेस."

आता मी तिच्याकडूनच शिकले. आधी स्पीकरचा आवाज शून्यावर, मग वायर, मग गिटारचं बटण. तिने सगळं नीट सांगितलं, फक्त माझ्याकडे बघितलं नाही. बघेल कधीतरी. तुम्हीही मुलांच्या वस्तूला कुंकू लावण्याआधी त्यांना विचारत जा. देवाला नंतर विचारलं तरी तो रागवत नाही.