तीन फेब्रुवारीचा फळा

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि पूनम सागर सोसायटीतल्या सगळ्यांच्या हक्काच्या शेजारीण हंसाबेन, सत्कारमूर्ती सुभाषराव कारखानीस, त्यांच्या सहधर्मचारिणी अनसूयाताई, सूरसंगत मंडळाचे सभासद, मोरवा गावाहून रिक्षा भरभरून आलेली माझी माणसं, आणि पुरणपोळीच्या वासाने मागच्या दाराशी रेंगाळणारे रसिक श्रोते हो, या परशुरामाचा तुम्हा सर्वांना रामराम.

हंसाबेननी आताच माझ्या कानात सांगितलंय, "परशुरामभाई, टाइम थोडा है." बेन, मी मिठागरावरचा माणूस. मीठ घाईने पिकत नाही. पण पानं वाढायच्या आत संपवतो.

सुभाषराव उद्या लेकीकडे, ममताकडे इंदूरला कायमचे चाललेत. त्यांचं कौतुक माझ्याआधी चौघांनी केलं, ते सगळं खरं आहे. मी फक्त या फळ्याबद्दल बोलणार आहे. आज मुद्दाम गेटवरून उचलून तो इथे स्टेजवर आणून ठेवलाय. रोज सकाळी सुभाषराव त्यावर खडूने लिहायचे, 'संगीतात आजचा दिवस'. कोण गायिका आज जन्मली, कुठली तबकडी आज बाजारात आली, विलायतेत कुठल्या बँडची आज फाटाफूट झाली. दूधवालासुद्धा सायकल थांबवून वाचायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण या फळ्यापुढे उभा राहून राहून मला पार अमेरिकेतल्या गाण्यांच्या जन्मपत्रिका पाठ झाल्या. शाळेने सोडलं ते फळ्याने धरलं म्हणा ना!

आज तारीख तीन फेब्रुवारी. फळ्यावर काय आहे? दरवर्षी असतं तेच. एकोणिसशे एकोणसाठ साली या दिवशी तिकडे अमेरिकेत, बर्फाळ मुलखात विमान कोसळलं आणि तीन तरुण गायक गेले. वाईटच झालं. कोणाच्या आईची लेकरं. ती ओळ राहूच दे, तिला कोणी हात लावायचा नाही.

पण मी दरवर्षी सुभाषरावांना म्हणतो, खाली अजून एक ओळ लिहा. आणि ते दरवर्षी चष्मा पुसत म्हणतात, "परशुरामभाऊ, नियम म्हणजे नियम. तारीख पक्की हवी, आणि गाणं घराबाहेर पोचलेलं हवं." अहो, नियम मलाही मान्य आहे. पण तारीख काय फक्त अमेरिकेत उगवते? तीन फेब्रुवारी त्यांच्याआधी भाईंदरला उजाडते!

ती ओळ कसली, ते नव्या मंडळींना सांगतो. एकोणनव्वद साली या तारखेला मोरव्यात योगेंद्रचं आणि चांदणीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्न लावायला भटजी येतो, पण त्याच्याही आधी धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवले गाते, देवाला आवतण देते, पितरांना आवतण देते आणि नवरानवरीचं नाव त्यात ओवते. त्या सकाळी धवला गायला होत्या माझ्या वहिनी, पुष्पलता. बँजो पार्टीच्या नीलेशने टेप मांडवाच्या खांबाला सुतळीने बांधला आणि गाणं भरून घेतलं.

चांदणी नवरी गो, योगेंद्र नवरा,
मोरव्याचे दारान हलदीचा सडा.

नीलेशला कॅसेट काढायची होती. तो म्हणाला, "काकी, आता हेच परत म्हणा, पण नावं नका घेऊ. बाजारात विकायचंय." वहिनी म्हणाल्या, "नाव न घेता धवला? मंग तो हाय कुनाचा?" आणि उठून पोळ्या लाटायला गेल्या. झालं! नीलेशने होतं तसंच छापलं.

कॅसेट अशी चालली, विचारू नका. घोडबंदरपासून उत्तनपर्यंत एक मांडव असा नव्हता जिथे ती वाजली नाही. लग्न कुणाचंही असो, भोंग्यावर नवरा योगेंद्रच! आमच्या हरिश्चंद्राच्या हळदीला तर तो पाटावरून उठलाच. "लगीन माजा हाय का त्या योगेंद्राचा?" त्याची आई म्हणाली, "बस गप. योगेंद्र आल्याबिगर हलद लागत न्हाय." आणि खरंच, पुढे पुढे लोक तो शकुनच मानायला लागले. ही दोघं किती वेळा बोहल्यावर चढली, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसेल.

पण कॅसेटच्या वेष्टनावर बँजो पार्टीचं नाव होतं, वाजवणाऱ्यांचे टाय लावलेले फोटो होते. गाणारीचं नाव कुठेच नव्हतं.  वहिनी मात्र मांडवात ते गाणं लागलं की पदर सावरून, मान ताठ करून बसायच्या. मी बघायचो.

तर सुभाषराव, तुमचा पहिला नियम. तारीख पक्की. चांदणी, योगेंद्र, उभे राहा रे. लाजताय काय, आज लग्नाचा वाढदिवस आहे ना तुमचा? बघा. ज्याला बायकोच्या धाकाने ही तारीख पाठ आहे, त्याच्याहून पक्का साक्षीदार कुठून आणू?

दुसरा नियम. गाणं घराबाहेर पोचलेलं हवं. याचा साक्षीदार व्यासपीठावरच बसलाय. अनसूयाताई, तुम्ही हसताय, म्हणजे आठवलं! ममताचं लग्न याच हॉलमध्ये झालं. मांडव घालणारा आमचा सदू, त्याला बांबू पुरवणारा मी, म्हणून मीही तिथेच होतो. वरात दारात आली आणि सदूने कॅसेट लावली. वधूपिता फेटा सावरत धावत आले, "अहो, बंद करा! माझ्या जावयाचं नाव पराग आहे! हा योगेंद्र कोण?" सदू शांतपणे म्हणाला, "काका, योगेंद्र सगल्याच लग्नात असतो." तिथेच आमची ओळख झाली, आणि त्याच ओळखीवर आज मी हट्ट धरतोय. तुमच्या स्वतःच्या घरच्या मांडवात शिरलेलं गाणं, सुभाषराव! याहून घराबाहेर ते कुठे पोचायचं?

उद्यापासून फळ्यावर मंडळातली रसिका लिहिणार आहे, पोरगी हुशार आहे. पण ही ओळ तुमच्याच अक्षरात हवी. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्यात. मी त्यांना फक्त जेवायला म्हणून आणलंय, म्हणून तर आता माझ्याकडे डोळे वटारतायत. हा घ्या खडू.

...

उठले! टाळ्या नंतर, टाळ्या नंतर. काय म्हणालात सुभाषराव? माइकमध्ये सांगतो. ते विचारतायत, "बाई, नाव कसं लिहू?"

वहिनी, बोला की. मोठ्याने बोला, तुमचा आवाज उत्तनपर्यंत गेलाय.

ऐकलंत? मागे पोचलं नसेल तर मी सांगतो. त्या म्हणाल्या, "पुष्पलता लिवा, मोरव्याची. आन बाजूला चांदणी-योगेंद्राचा पन लिवा. न्हायतर तो धवला कुनाचा?"

लिहिलं. तिन्ही नावं लिहिली. अक्षर बघा, कसं मोत्यासारखं.

माझं काम झालं. सुभाषराव, अनसूयाताई, इंदूरला सुखाने नांदा; आमच्या वेशीवरचं मीठ खाल्लंय, ते विसरू नका. हंसाबेन, वेळ जास्त घेतला, आणि बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, तर पुरणपोळीबरोबर तेही गिळून टाका. ऐकून घेतलंत, उपकार झाले. चला, पानं वाढा. आणि सदू, ती कॅसेट लाव रे. आज कोणी बंद करायला येणार नाही.